बंदरावरचा चौथा कार्यक्रम

प्रिय भाऊजी,

तुमचा निरोप फोनवर ऐकला. तीनदा ऐकावा लागला, कारण उलान वारा सुटलाय आणि खिडक्या अशा वाजताहेत की पहिल्या दोन वेळा 'वहिनी' आणि 'लवकर' एवढंच कळलं. बंदरावर आठ पाट्या लागणार, त्यांच्यासाठी जुन्या माणसांकडची माहिती हवी, आणि ती कागदावर लिहून हवी, म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या मुली ती नीटनेटकी करून घेतील. बरं. लिहिते. शनिवारी राजधानीतून गाड्या भरून पाहुणे येणार, कॅमेरेवाले येणार, परदेशी माणसं येणार, आणि बालिकचीत कधी नव्हे ते कुणीतरी मुक्काम करणार. आजवर लोक आपल्या गावात थांबले ते पाय मोकळे करायला आणि धुरी दिलेले मासे घ्यायला. मग इसिक-कुल सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांकडे निघून गेले. तुम्ही त्यांना इथे थांबवताय हे मोठंच काम आहे. मी चेष्टा करत नाही. थोडीशी करते.

छापलेली कार्यक्रमपत्रिकाही पोचली. आपाने, माझ्या सासूने, ती उशाशी ठेवलीय. डोळे गेलेत, आता वाचता येत नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते आणि म्हणते, "माझ्या धाकट्याने छापलंय." पहिलं गाणंबजावणं, दुसरा गरुडवाल्याचा खेळ, तिसरं घोडीच्या दुधाचं कुमिस आणि जेवण. आणि चौथा कार्यक्रम, 'पूर्वजांची परंपरा : पहिलं मूल आजीच्या मांडीवर'. खाली बारीक अक्षरांत, 'खराखुरा विधी, नाटक नव्हे'. म्हणजे तुमचा आणि मेरीमचा पाच महिन्यांचा बायेल धक्क्यावर सगळ्यांदेखत आपाच्या झग्याच्या घोळाखालून बाहेर काढला जाणार, तिचा मुलगा म्हणून तिच्या मांडीवर ठेवला जाणार, आणि पाहुणे गेले तरी तो इथेच राहणार. मेरीम रिकाम्या हातांनी राजधानीला परतणार. त्याबद्दल मला लिहायचंच आहे. पण आधी तुमच्या पाट्या, नाहीतर म्हणाल, वहिनीला विचारलं एक आणि तिने काढलं भलतंच.

क्रेन तुम्ही नारिंगी रंगवलीत. छान दिसते, लांबून गाजरासारखी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती करडी होती आणि दिवसभर कण्हायची. मी एकोणीस वर्षांची, कोचकोरहून लग्न होऊन आलेली, पाणी म्हणजे ओढा एवढीच माझी समजूत. तेव्हा रेल्वेच्या वाघिणी थेट धक्क्यापर्यंत यायच्या. कोळसा, पीठ, सिमेंट वाघिणींतून उतरायचं आणि पडावांवर चढायचं. कप्तान, म्हणजे आपले अता, माझे सासरे, त्यांच्या बोटीने ते पडाव ओढत सरोवराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि येताना लोकर नि सफरचंदं आणायचे. तुमच्या मुलींनी मसुद्यात लिहिलंय की इथे अनेक संस्कृतींचा संगम होत असे. संगम व्हायचा तो शिव्यांचा. किरगिझ, रशियन, तातार, सगळ्या भाषांतल्या शिव्या एका दोरखंडाला लोंबकळत असायच्या. हे लिहिता येणार नाही हे मला कळतं. पण तेव्हा बंदर जिवंत होतं आणि कुणी त्याचा एक फोटो काढला नाही. आता मेल्या म्हशीला मणभर दूध.

मी लागले क्रेनखाली आकडा अडकवणाऱ्या बायांत. क्रेनवर तान्या बसायची, गलेलठ्ठ, खणखणीत आवाजाची. आता तुम्हाला माहीत आहे की आपल्याकडे सुनेने सासरच्या पुरुषांची नावं घ्यायची नसतात. तुमच्या मेरीमला माफ आहे, ती आजकालची आहे, पण आम्हाला नव्हतं. आणि माझं नशीब असं की कप्तानांच्या थोरल्या भावाचं नाव तेमीर. तेमीर म्हणजे लोखंड. बंदरात नोकरी आणि लोखंड म्हणायची चोरी! तान्या वरून ओरडायची, "खाली काय आहे गं?" मी म्हणायचे, "ते जड, काळं!" "कोळसा?" "नाही गं, ज्याचे रूळ करतात ते!" एकदा तिने डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बये, सासऱ्याच्या भावापायी आख्खी गाडी अडवून धरलीस!" त्या दिवसापासून बंदरात लोखंडाला 'बुरुलचा सासरा' म्हणायला लागले. "बाजूला व्हा, बुरुलचा सासरा उतरतोय!" कप्तानही हसायचे, पण घरी नाही. ही गोष्ट घाला एखाद्या पाटीवर. पाहुण्यांना आवडेल, आणि खरीही आहे.

त्याच चालीने मी तुमचंही नाव कधी घेतलेलं नाही. लहानपणी तुम्ही गल्लीत हरवलात की बाकीच्या बाया नावाने हाका मारायच्या आणि मी "अहो धाकटे भाऊजी, अहो भाऊजी" करत फिरायचे, तीन वर्षांच्या पोरामागे. तातारांची म्हातारी फाटकात उभी राहून हसायची. तुम्ही मला 'वहिनी, ए वहिनी' म्हणायचात, आणि मी तुम्हाला अहोजाहो करायचे. दिराचा मान आहे, पाळायलाच हवा.

आता मासळीची धुरीघरं. त्या पाटीवर लिहिलंय, 'पिढ्यान् पिढ्या जपलेली गुप्त पाककृती'. गुप्त काय त्यात? चबाक मासा, मीठ, जर्दाळूच्या लाकडाचा धूर आणि बायका. पोटुशी राहिले तेव्हा मला क्रेनखालून उठवून मासळीच्या कारखान्यात टाकलं आणि पुढे बरीच वर्षं मी तिथेच तारांवर मासे ओवले. गुप्त असलंच तर माझ्या रबरी एप्रनच्या आत घडी करून ठेवलेला पंचा होता. दुपारच्या सुमाराला छाती भरून यायची, दूध सुटायचं आणि पंचा भिजून जायचा. शेजारची शाकीन तेव्हा माझ्याबरोबरच होती. ती माझ्या वाटची तार ओढून घ्यायची आणि म्हणायची, "जा, पिळून ये. मी बघते." एवढ्या धुरातही मला त्या पंच्याचा आंबट वास यायचा.

ते दूध कुणाचं होतं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, साऱ्या गल्लीला माहीत आहे, आणि तेहतीस वर्षांत ते माझ्यासमोर कुणी बोललेलं नाही. तेव्हा मीच बोलते. मी तुम्हाला जन्म दिला. तुम्ही माझे दीर नाही, माझ्या पोटचे आहात. चाळिसाव्या दिवशी तुम्हाला चाळीस चमचे पाण्याने अंघोळ घातली, चाळीस घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं घातलं, आणि मग आपाने तुम्हाला झग्याच्या घोळाखालून पुढे काढलं. बायांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, "काय झालं गं?" आपा म्हणाली, "मुलगा झाला." "औक्षवंत होवो," म्हणाल्या सगळ्या. तुमचे वडील, ज्यांना तुम्ही जन्मभर दादा म्हटलंत, ते बाहेर मेंढा सोलत होते. मी चुलीपाशी पाहुण्यांसाठी कणकेचे बुरसोक तळत होते. कुणीतरी म्हणालं, "बुरुल, तेल करपतंय," आणि मी कढई उतरवली. पाळणा त्याच दिवशी आपाच्या खोलीत गेला. दूध पाजायला मला बोलवायचे, पाजून झालं की म्हणायचे, "हं, दे इकडे." दात यायला लागले तसं तेही बंद झालं. आपा मला म्हणाली, "पहिलं फळ मोठ्यांचं. तुला काय धाड भरलीय, तरणीताठी आहेस, मागून रांग लागेल."

रांग लागली नाही. एक पोटातच गेलं, मग काहीच नाही. दादा तुमचे सायबेरियात कामाला गेले, तिकडेच संसार थाटला, दोन मुली झाल्या म्हणे. आणि गल्लीतल्या बाया, ज्यांनी त्या दिवशी माझ्या हातचे बुरसोक खाल्ले होते, त्याच नळावर म्हणायला लागल्या की बुरुल वांझ निघाली, नवरा तरी काय करणार. माझा मुलगा माझ्याच अंगणात चेंडू खेळत होता आणि मी वांझ. मी एकदा कोचकोरला माहेरी गेले होते, तुम्ही जेमतेम बसायला शिकला होतात तेव्हा. आईला म्हटलं, मला माझं पोर मिळवून द्या, नाहीतर मला इथे ठेवून घ्या. आईने चहा दिला, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "दगड जिथे पडतो तिथेच जड होतो, बाई." पिठाची पिशवी हातात देऊन त्याच दिवशीच्या गाडीत बसवलं. गाडीत मी कुणाकडे पाहिलं नाही.

आता हे अहोजाहो बास झालं. मिरलान. लिहिलं बघ. आभाळ कोसळलं नाही, खिडकी तेवढी आपटली, आणि ती उलानने. मिरलान, हे नावही मी ठेवलेलं नाही, पण ते मला नेहमी आवडायचं. धुरीघरात एकटी असले की मी माशांना म्हणून दाखवायचे.

कप्तानांच्या बोटीचं तू कॉफीघर केलंस. खुर्च्या चांगल्या आहेत, मी जाऊन बसून आले. पाटीवर लिहिलंय, 'शूर दर्यावर्दींच्या आठवणी'. माझी त्या बोटीवरची आठवण तुझीच आहे. तू दुसरीत होतास. बोट तेव्हा धक्क्याला नुसती बांधून ठेवलेली, डिझेल नव्हतं, पगार नव्हते, आणि तुम्ही पोरं तिच्या डेकवरून उड्या मारायचात. तिथे कुणीतरी तुला चिडवलं. तू ओलाचिंब, केसांतून पाणी गळतंय, असा अंगणात आलास. मी चबाक वाळत घालत होते. "वहिनी, पोरं म्हणतात तूच माझी आई आहेस. खरं का गं?" आपा दारात लोकर पिंजत बसली होती. तिचे हात थांबलेले मला न बघताही कळले. मी म्हटलं, "आपाला विचारा." आपा म्हणाली, "मोठं करते ती आई. चल, जेवायला ये." तू जेवलास. पण त्या दिवसापासून माझ्या हातातून काही घेईनासा झालास. भाकरी दिली तरी म्हणायचास, "खाली ठेव, मी घेतो." तुझ्या लक्षातही नसेल. मी मात्र अजून तुझ्यासमोर कप आधी टेबलावर ठेवते आणि मग हात मागे घेते. गेल्या वेळी मेरीम बघत होती.

बुडालेल्या शहराची पाटी तुझ्या मनासारखी लिही. सरोवराच्या तळाला भिंती आहेत म्हणतात, जुन्या काळचे रांजण सापडतात. कप्तानांच्या जाळ्यात एकदा एक मडकं आलं होतं, त्यात ते विडीची राख झाडायचे. पुढे ते कुणी संशोधक येऊन घेऊन गेला आणि कप्तान आठवडाभर राख कुठे झाडू म्हणून कुरकुरले. तू काचेच्या तळाची होडी आणलीस म्हणे. लोकांना वरून पाण्याखालचं बघायला फार आवडतं, त्यात भिजायला होत नाही.

आपाचा मला राग आहे. तो काही जायचा नाही. पण तिच्याबद्दल एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, ती ऐक. दादा तिचे पहिले नव्हेत. त्यांच्याआधी एक मुलगी होती, आय्झान नावाची. तीही अशीच घोळाखालून काढून तिच्या सासूने घेतली आणि उन्हाळी कुरणांवर नेली. तिकडे गोवर आला. आपाला कळलं ते कळप खाली उतरले तेव्हा, शरद ऋतूत. तोवर ती त्या पोरीसाठी मोजे विणत होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, मी धुण्याच्या दगडाशी बसून रडत होते तेव्हा. "माझी नेली ती नेली, वर मेलीसुद्धा. तुझा निदान डोळ्यांसमोर आहे. मग गळा कशाला काढतेस?" असं म्हणाली, बादली उचलली आणि गेली. तेव्हा मला तिचा गळा दाबावासा वाटला होता. आता वाटतं, तिला कुणीतरी काहीतरी देणं लागत होतं आणि ते तिने माझ्याकडून वसूल केलं. मग मी कुणाकडून करायचं? आता पाळी माझी, आणि समोर मेरीम. आपल्या गावचा हा वारसा त्या क्रेनपेक्षा जुना आहे, मिरलान, आणि त्याला रंग द्यावा लागत नाही.

मागच्या महिन्यात तू फोन केलास. "वहिनी, नावाला तो आपाचा, पण आपाच्याने आता काय होतंय? सांभाळायचास तूच. तुलाही सोबत होईल. मेरीमला कामावर परत जायचंय, माझी धावपळ तू बघतेसच. आणि पाहुण्यांना काहीतरी अस्सल दाखवायला नको का?" मी "बरं" म्हटलं. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. तुझ्या बोलण्यातलं 'पाहुणे' आणि 'अस्सल' मला ऐकूच आलं नाही, 'सांभाळायचास तूच' एवढंच ऐकू आलं. माळ्यावरून तुझा पाळणा काढला. घासला, उन्हात ठेवला, पट्टे नवे शिवले. बाजारातून खुळखुळा आणला आणि येताना रस्त्यात स्वतःच वाजवला. शाकीन कुंपणावरून म्हणाली, "काय गं, या वयात बाळंतीण झालीस की काय?" मी म्हटलं, "झाले!" आणि दोघी पोट धरून हसलो. आपाने आतून विचारलं, कोण एवढं हसतंय. इतकी वर्षं या घरात काढली, पण असे दिवस मला मिळाले नव्हते. वाटलं, देवाने उशिरा का होईना, माझं मला परत दिलं. त्या पोराला एक आई आहे हे मला त्या दिवसांत एकदाही आठवलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. शनिवारी बायेल धक्क्यावर येणार नाही. तू गुंतवणूकदारांबरोबर पलीकडच्या किनाऱ्यावर होतास तेव्हा, मंगळवारी, मेरीम त्याला घेऊन माझ्याकडे आली, भाड्याच्या गाडीने, भर वाऱ्यात, तुला न सांगता. तिने चहाला हात लावला नाही. नव्याने पट्टे लावलेला पाळणा बघितला आणि उभ्यानेच विचारलं, "वहिनी, हे म्हणतात दोनच वर्षं, मग घेऊन जाऊ. आपा म्हणतात, दिलेलं मूल मागायचं नसतं. खरं काय?" मी म्हटलं, आपाचं खरं. मग ती खाली बसली. हळूच म्हणाली, "मागून सवय होते का हो?" मिरलान, मी 'होते' म्हटलं असतं तर पोर माझं होतं. ती रडली असती, शनिवारी धक्क्यावर आली असती, आणि रविवारी सकाळी बायेल माझ्या कुशीत असता. तो तेव्हा माझं बोट धरून पडला होता. मी म्हटलं, "नाही होत." एवढंच म्हटलं. मग मी अत-बाशीला तिच्या आईला फोन केला आणि सांगितलं, लेक येतेय, दार उघडं ठेवा आणि तिला परत पाठवू नका, कुणी न्यायला आलं तरी. आज सकाळी शाकीनच्या भाच्याने दोघांना गाडीत घातलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, घाट उतरून ती घरी पोचली. आता हे पत्र उद्या तुझ्याकडे येईल. मेरीमला एक शब्द बोलायचा नाही, तिने काही केलेलं नाही, मी पाठवलं. ओरडायचं तर इथे येऊन माझ्यावर ओरड. नाहीतर तुझे पाहुणे जाऊ देत आणि तू सरळ अत-बाशीला जा, बायको-मुलाला घरी ने, आणि मूल सांभाळायला काय लागतं ते एकदा स्वतः बघ. आपाला मी सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि विचारलं, "तिला दूध पुरतंय ना?" निघताना मेरीमला गाडीत चढायचं होतं, हातात पिशव्या होत्या, म्हणून तिने बायेलला माझ्याकडे दिलं. ती आत बसली, पिशव्या पायाशी ठेवल्या, ओढणी सारखी केली. तेवढा वेळ तो माझ्याकडे होता, उबदार, दुधाळ वासाचा, माझ्या मानेत नाक खुपसून. मग तिने हात पुढे केले आणि मी तो तिला परत दिला. मूल परत देता येतं, मिरलान. मला आजवर वाटत होतं त्याला फार मोठं काहीतरी लागतं. काही लागत नाही, नुसते हात पुढे करायचे असतात.

तुझीच,
बुरुल